ड्रायव्हरच नाही, मग केस कुणावर टाकायची? (वेमोच्या टॅक्सीत चार वेळा बसून आल्यावर)

नोव्हेंबरमध्ये आईला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला ताईकडे गेलो होतो, तीन आठवडे. गोल्डन गेट ब्रिजचे फोटो सगळ्यांनीच टाकलेत म्हणून ते टाकत नाही, वेमोबद्दल लिहितो. वेमो म्हंजे गुगलच्याच घरातली बिनड्रायव्हरची टॅक्सी. आम्ही चार वेळा बसलो, त्यातल्या दोन वेळा आई बरोबर होती, वय ७३, दोन्ही गुडघ्यांची बोंब, आणि रिक्षात बसली तरी "हळू घ्या हो दादा" म्हणणारी.

पहिली राइड ताईच्या घराजवळून, इनर सनसेटमधल्या अर्विंग स्ट्रीटवरून मिशन भागात सोळाव्या रस्त्यापर्यंत. संध्याकाळची वेळ, धुकं उतरलेलं. अ‍ॅपवरून बोलावली, पांढरी जॅग्वार आली, टपावर गरगर फिरणारा डबा आणि त्यावर ताईच्या नावाची आद्याक्षरं चमकतायत म्हंजे आपली गाडी कुठली ते कळावं. फोनवरून अनलॉक केलं की आत दडलेलं हँडल बाहेर येतं. आई मागं बसली, मी तिच्या शेजारी, ताई पुढं पण ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, कारण ड्रायव्हरच्या सीटवर बसायला परवानगी नाही. आईनं बेल्ट लावला, वाकून पुढं बघितलं आणि म्हणाली, "अगं, याचा माणूस अजून यायचाय का?" ताई म्हणाली येणार नाहीये, स्क्रीनवरचं बटण दाबलं, आणि स्टिअरिंग आपलं आपण वळायला लागलं. तेव्हा आईनं माझा हात जो धरला तो वाटेतल्या कॅस्ट्रो भागापर्यंत सोडला नाही.

चालवते कशी, तर खरं सांगतो, बोअर होईल इतकी नीट. प्रत्येक स्टॉप साइनला पूर्ण थांबणार, तिथं चारही बाजूंनी आधी आला तो आधी जातो असा नियम आहे, तो ही गाडी चौथीतल्या हुशार मुलासारखी पाळते. सतराव्या रस्त्याच्या उतारावर एक डिलिव्हरीवाली व्हॅन भर रस्त्यात उभी होती, तर आमची गाडी मागं थांबली, इंडिकेटर दिला, समोरून येणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या, मग चाक थोडं बाहेर काढून बघितल्यासारखं केलं आणि गेली. आई मागून म्हणतेय "जा की आता, मोकळाय रस्ता". म्हंजे दहा मिनिटांपूर्वी जिचा जीव मुठीत होता ती आता गाडीला हाकायला लागली होती.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून एक म्हातारा माणूस हातगाडीसारखं काहीतरी ढकलत रस्त्यावर यायच्या बेतात होता, अंगात काळा कोट, उजेड कमी. मला तो दिसलाच नव्हता. समोरच्या स्क्रीनवर आजूबाजूची माणसं, सायकली, गाड्या सगळं चित्रासारखं दिसत असतं, तिथं त्याची आकृती आधी उमटली, गाडीचा वेग उतरला, आणि मग मी मान वळवून बघितलं तेव्हा तो दिसला. या गाडीला २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार आहेत, लायडार म्हंजे लेझर फेकून अंतर मोजणारं यंत्र, त्याला अंधार असला तरी फरक पडत नाही. मी वीस वर्षं गाडी चालवतोय, पुण्यात, आणि त्या म्हाताऱ्याला मी वेळेवर बघितलं असतं असं छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत.

तर चालवण्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. भाडं पहिल्या राइडचं २२ डॉलर पडलं, टिप नाही, गप्पा नाहीत, गाणी आपल्या आवडीची. इथंच रिव्ह्यू संपवला असता पण माझ्या डोक्यात पहिल्या मिनिटापासून दुसरंच चाललं होतं, ते म्हंजे काकांचं प्रकरण.

२००९ साली आमच्या काकांना फुरसुंगीजवळ टेम्पोनं मागून उडवलं. स्कूटरवर होते. पायात रॉड, नोकरी गेली. मोटर अपघाताचा दावा शिवाजीनगर कोर्टात टाकला तर ड्रायव्हर गायब, मालक म्हणतो तो माझा ड्रायव्हरच नाही, क्लीनरनं न विचारता गाडी काढली, आणि विमा कंपनी म्हणते चालवणाऱ्याकडं लायसन नव्हतं म्हणून आम्ही देणं लागत नाही. सात वर्षं. शेवटी निकाल असा लागला की विमा कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची. त्या सात वर्षांत तारखांना काकांना कोर्टात नेऊन आणायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं कुठल्याही गाडीत बसलो की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की काही झालं तर कागदावर नाव कुणाचं लागणार. आणि इथं तर ड्रायव्हरची सीटच रिकामी.

म्हणून राइडनंतर घरी बसून जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, ताई म्हणाली सुट्टीवर आलायस की पीएचडी करायला.

या धंद्यातला पहिला मोठा बळी २०१८ सालचा, १८ मार्च, अ‍ॅरिझोनातल्या टेंपी गावात. उबरची चाचणीची व्होल्वो गाडी होती, रात्रीची वेळ, एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. गाडीला त्या धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या! पण ते सॉफ्टवेअर त्यांना कधी गाडी समजत होतं, कधी सायकल, कधी नुसतंच काहीतरी, आणि प्रत्येक वेळी समज बदलली की हे कुठं चाललंय याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. व्होल्वोची मूळची इमर्जन्सी ब्रेकची सोयही उबरच्या सिस्टीमवर चालताना बंद ठेवलेली होती. आत सेफ्टी ड्रायव्हर म्हणून एक बाई बसल्या होत्या, त्या मोबाइलवर शो बघत होत्या. आता सांगा शिक्षा कुणाला झाली. सेफ्टी ड्रायव्हरला, २०२३ साली, गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हंजे तुरुंग नाही, देखरेखीखाली बाहेर. कंपनीवर फौजदारी खटला भरायचाच नाही असं तिथल्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच ठरवलं होतं. ब्रेक बंद ठेवायचा निर्णय त्या बाईंचा नव्हता, पण कोर्टात उभ्या त्याच राहिल्या. आमच्या केसमधला टेम्पोमालक हे वाचून खूश होईल.

दुसरं प्रकरण याच सॅन फ्रान्सिस्कोतलं, २ ऑक्टोबर २०२३. जनरल मोटर्सची क्रूझ म्हणून कंपनी होती, तिच्याही बिनड्रायव्हरच्या टॅक्सी या शहरात चालायच्या. एका बाईला आधी माणूस चालवत असलेल्या दुसऱ्याच गाडीनं धडक दिली आणि तो माणूस पळून गेला. त्या बाई उडून क्रूझच्या गाडीपुढं पडल्या. गाडी थांबली, इथपर्यंत ठीक, पण मग तिला वाटलं आपण रस्त्यात उभे आहोत, कडेला घ्यायला पाहिजे, आणि ती त्या बाईंना खाली घेऊन साधारण २० फूट फरपटत गेली. माणूस काय करेल? घाबरेल, खाली उतरेल, वाकून बघेल. या गाडीला वाकून बघणं हा प्रकारच माहीत नव्हता.

पण कंपनी बुडाली ती या वीस फुटांमुळं नाही असं माझं मत, ती बुडाली नंतरच्या लपवाछपवीमुळं. सरकारी अधिकाऱ्यांना फरपटल्याचं धड सांगितलंच नाही. नंतरच्या चौकशीत आलं की मीटिंगमध्ये पूर्ण व्हिडिओ लावला होता म्हणे पण नेट अडकत होतं, आणि तोंडानं कुणी बोललं नाही. नेट अडकत होतं! हे कारण मी माझ्या बॉसला देतो. कॅलिफोर्नियाच्या आरटीओनं, म्हंजे तिथल्या डीएमव्हीनं, २४ ऑक्टोबरला परवाने निलंबित केले, सीईओ नोव्हेंबरमध्ये गेले, पुढं खोटा रिपोर्ट दिल्याबद्दल ५ लाख डॉलर आणि आणखी एका संस्थेचा १५ लाख डॉलर असे दंड बसले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सनं त्या टॅक्सीत पैसे घालणंच बंद केलं.

आता वेमो. यांचा रेकॉर्ड बघितला तर बरा आहे, खरं तर चांगलाच आहे. जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांचा अभ्यास त्यांनी छापलाय, त्यात माणूस चालवतो त्या तुलनेत पादचारी जखमी होण्याचे अपघात ९२ टक्के कमी. अभ्यास कंपनीचाच आहे हे लक्षात ठेवून वाचा, पण अपघातांचे रिपोर्ट सरकारला द्यावेच लागतात, त्यामुळं तिथं फार हात मारता येत नाही. शिवाय कॅलिफोर्नियात अशी गाडी रस्त्यावर आणायची तर ५० लाख डॉलरचा विमा किंवा तेवढं तारण दाखवावी लागते. आणि इथं 'तो आमचा ड्रायव्हर नाही' हे वाक्य बोलायला जागाच नाही, कारण ड्रायव्हर म्हंजेच कंपनी, मालक पण कंपनी, आणि २९ कॅमेऱ्यांचं फुटेज पण कंपनीकडंच. शेवटचं जरा खटकतं, बघा. पुरावा ज्याच्याकडं तोच उद्या आरोपी.

चुका होत नाहीत असं नाही, फक्त चुकांची जातच वेगळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फीनिक्समध्ये एक पिकअप उलट्या तोंडानं, वाकडी होऊन टो होत चालली होती. वेमोची एक गाडी तिला धडकली. काही मिनिटांनी वेमोचीच दुसरी गाडी त्याच पिकअपला धडकली! दोन वेगळे ड्रायव्हर असते तर दुसरा वाचला असता कदाचित, पण हे दोन ड्रायव्हर नव्हतेच, एकच डोकं होतं. मग ४४४ गाड्यांचा रिकॉल झाला, रिकॉल म्हंजे गाड्या गॅरेजला ओढत नेल्या असं नाही, सॉफ्टवेअर बदललं. ही त्याची चांगली बाजू पण आहे, आपल्याकडं एका पीएमटी ड्रायव्हरनं धडा घेतला म्हणून बाकीचे थोडेच शिकतात. पण डिसेंबर २०२५ मध्ये परत स्कूलबसचा रिकॉल आला, ऑस्टिनमध्ये बसचा लाल स्टॉपचा हात बाहेर आलेला असताना, म्हंजे पोरं उतरत असताना, गाड्या पुढं गेल्या, एकदा नाही अनेकदा. ३,००० च्या वर गाड्या. याला माझी माफी नाही, स्कूलबस दिसली की थांबायचं हे तिकडं लायसनच्या परीक्षेत पहिलं शिकवतात असं ताई सांगते.

आणि त्याच डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल बंद, तर वेमोच्या गाड्या चौकाचौकात थिजून उभ्या. बंद सिग्नल म्हंजे चारही बाजूंचा स्टॉप हे त्यांना माहीत होतं, पण खात्री करायला लांब बसलेल्या माणसांना विचारत होत्या, आणि एकाच वेळी सगळ्यांनी विचारल्यावर तिकडं रांग लागली. म्हंजे 'बिनड्रायव्हर' म्हणतात त्यात कुठंतरी माणूस असतोच. चालवत नाही तो, पण विचारलं की उत्तर देतो.

आता दंडाची गंमत. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारच्या सॅन ब्रुनो गावात पोलिसांनी दारू पिऊन चालवणारे पकडायला नाकाबंदी लावली होती आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वेमोनं नियम मोडून यू टर्न घेतला. थांबवली, आत बघतात तर कुणीच नाही. पावती फाडायची कुणाच्या नावानं? त्यांच्या पावतीत रोबोसाठी रकानाच नाही, दिली सोडून. कारण तिकडं चालवताना केलेल्या चुकीची पावती ड्रायव्हरच्या नावानं निघते. पार्किंगची पावती मात्र गाडीला लागते, त्यामुळं २०२४ मध्ये याच शहरात वेमोला ५८९ पावत्या लागल्या, ६५,०६५ डॉलर भरायला लागले. म्हंजे चुकीचं उभं राहिलं तर दंड, चुकीचं चाललं तर माफ. नवा कायदा झालाय, १ जुलै २०२६ पासून पोलीस थेट कंपनीच्या नावानं नोटीस काढू शकतात. आपल्याकडं कॅमेऱ्यानं फोटो काढला की ई-चलान सरळ मालकाच्या मोबाइलवर येतं, चालवत कोण होतं ते नंतर बघू. या एका बाबतीत आपण पुढं आहोत, हसू नका.

मांजराचं राहिलं. आम्ही उतरलो तिथंच, सोळाव्या रस्त्यावर रँडाज मार्केट नावाचं दुकान आहे, त्या दुकानाचं किटकॅट नावाचं मांजर २७ ऑक्टोबरच्या रात्री वेमोखाली गेलं. अख्ख्या मोहल्ल्याचं लाडकं. आम्ही गेलो तेव्हा फुलं, मेणबत्त्या, चिठ्ठ्या, आईनं सगळं थांबून बघितलं. कंपनीचं म्हणणं गाडी निघताना मांजर खाली शिरलं. तिथल्या एक नगरसेविका जॅकी फील्डर यांनी तर या गाड्या हव्यात की नको ते लोकांना ठरवू द्या असा ठराव आणला. आईनं ताईला विचारलं, "मग उतरून बघितलं कोणी?" ताई काही बोलली नाही. तसं बघायला गेलं तर आपल्या कात्रज बायपासला रोज रात्री किती कुत्री-मांजरं जातात आणि कोण उतरतं, पण उतरू शकणारं कुणीतरी आत असतं एवढं खरं.

आता माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल दोन शब्द, कारण खरी भीती मला वेमोची नाही, याची वाटते. २०२४ मध्ये अडास (म्हंजे समोरचं बघून आपणहून ब्रेक मारणारी, लेन धरून ठेवणारी मदतनीस सिस्टीम) असलेली गाडी घेतली, कंपनीचं नाव लिहीत नाही. शोरूमवाल्यानं तेव्हा हात सोडून दाखवलं, "सर, गाडी स्वतःच चालवते". दिवाळीत एक्स्प्रेस वेवर खालापूरच्या अलीकडं समोर काहीही नसताना, काहीही, शेजारच्या लेनमध्ये एक ट्रक होता बस, गाडीनं कचकन ब्रेक मारला. मागचा बसवाला कसा चुकवून गेला त्याचं त्याला माहीत. सर्व्हिस सेंटरला नेली तर लॅपटॉप लावला, एरर नाही म्हणाले, आणि मॅन्युअलचं पान उघडून दाखवलं की सर्व जबाबदारी ड्रायव्हरची. म्हंजे विकताना गाडी स्वतः चालवते आणि ठोकली की मी चालवत होतो. लेव्हल २ म्हणतात याला, वेमो लेव्हल ४. नुसता आकड्याचा फरक वाटतो पण फरक हा आहे की लेव्हल ४ मध्ये कंपनी ड्रायव्हर असते आणि लेव्हल २ मध्ये तुम्ही क्लीनर. फ्लोरिडात टेस्लाच्या ऑटोपायलटची अशीच केस होती, २०१९ चा अपघात, चालवणारा पडलेला फोन शोधायला खाली वाकला आणि गाडीनं उभ्या गाडीला उडवलं, एक तरुण मुलगी गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीनं ३३ टक्के दोष कंपनीवर टाकला, साधारण २४ कोटी ३० लाख डॉलर. ३३ टक्के का होईना, पण कुणीतरी टाकला. माझा ब्रेक त्या दिवशी फसला असता तर शिवाजीनगर कोर्टात १०० टक्के मीच.

गडकरी साहेब २०१७ पासून म्हणतायत की बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, २०२३ मध्ये पण म्हणाले, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून. नोकऱ्यांचं मला पटतं. पण २०२२ मध्ये आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ती सगळी ड्रायव्हर असलेल्या गाड्यांच्या जमान्यात. वेमो उद्या पुण्यात आणली तर लक्ष्मी रोडवर ती पहिल्याच दिवशी तुळशीबागेच्या तोंडाशी उभी राहील आणि गणपती विसर्जनापर्यंत तिथंच असेल, तो भाग वेगळा.

कुणी सॅन फ्रान्सिस्को, फीनिक्स, लॉस एंजेलिसला जाणार असाल तर बसा, नक्की बसा. गुडघेदुखीवाल्यांना सीटची उंची ठीक आहे, मागं तीन पुढं एक, चारच्या वर नाही. लहान मूल असेल तर त्याची सीट आपली आपण न्यायची. चढायची-उतरायची जागा तिला उभं राहायला मिळेल तिथं, अगदी दारात येईलच असं धरू नका, ज्येष्ठांना घेऊन जाताना दोन मिनिटं चालायची तयारी ठेवा. स्क्रीनवर मदतीचं बटण कुठंय आणि गाडी कडेला घ्यायचं बटण कुठंय हे निघायच्या आधी बघून ठेवा, आईला मी ते दुसऱ्या राइडला दाखवलं तर तिनं त्यावरून नजर काढली नाही. फोन चार्ज असू द्या.

आणि राइडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबर प्लेटचा फोटो पण. मी चारही वेळा काढले, ताई हसत होती. काकांच्या टेम्पोचे शेवटचे तीनच आकडे एका चहावाल्यानं पाहिले होते, त्यावरून मालक शोधायलाच आमचे आठ महिने गेले होते.